जिभेच्या मॅडम

जिभेच्या मॅडमना ‘जीभ’ हा शब्द ऐकला की राग यायचा, आणि अख्खं बीड त्यांना ओळखायचं ते याच नावानं. रिक्षावाल्याला त्या जिथं शिकवायच्या त्या अपंग मुलांच्या संस्थेचं नाव सांगितलं तर तो चौकात थांबून चार जणांना विचारायचा. ‘जिभेच्या मॅडमकडं’ म्हटलं की थेट दारात नेऊन सोडायचा. पहिल्या दिवशी मीही दारात उभी राहून तेच विचारलं. आत फरशीवर एक सडपातळ बाई ओढणी कमरेला खोचून, मांडी घालून बसल्या होत्या. समोर एक लहान मुलगी, आणि दोघींच्या मध्ये स्टीलच्या पालथ्या वाट्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “जिभेच्या नाही, बोलण्याच्या. चप्पल बाहेर काढा, आत या आणि जरा गप्प बसा.”

माझी गौरी तेव्हा चार वर्षांची होती. तिला ऐकू सगळं यायचं. कानात सांगितलेलं काम ती धावत जाऊन करायची, हसायची, रुसायची, भावंडांत भांडायची. पण तोंडातून ‘आ’, ‘ई’, ‘मा’ यापुढं काही नाही. स्वतःचं नाव ती ‘औई’ सांगायची. मधूनच एखादा शब्द अख्खा बाहेर पडायचा. एकदा माझ्या दुकानात ती ‘पाणी’ म्हणाली, इतकं स्वच्छ की ब्लाउजपीस बघणाऱ्या गिऱ्हाईक बाईनं मागं वळून पाहिलं. मग तो शब्द जो गेला तो कितीतरी महिने परत आला नाही.

पाटोद्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. तिथं येणारी प्रत्येक बाई कापडाबरोबर एक उपाय ठेवून जायची. आम्ही वेखंड उगाळून मधातून चाटवलं. पोपटानं टोचलेला पेरू शोधून आणून खाऊ घातला. शेवटी एका डॉक्टरांनी जिभेखालचा पडदा कापला. पोर रक्तबंबाळ तोंडानं रडत राहिली, दोन दिवस भात गिळेना, आणि बोलणं होतं तेवढंच राहिलं.

मॅडमनी बॅटरी लावून गौरीचं तोंड पाहिलं आणि बॅटरी बंद केली.

“कुल्फी खाते का ही?”

“खाते की.”

“ओघळ आला तर जिभेनं चाटते?”

“हो.”

“ओठाला भाताचं शीत चिकटलं तर जिभेनं काढते?”

“काढते.”

“मग जीभ चांगली होती ना, ताई. कापली कावून?”

त्या एरवी पुस्तकी मराठी बोलायच्या. पुण्यात शिकून आलेल्या. पण राग आला की ‘का’ऐवजी बीडचं ‘कावून’ तोंडात यायचंच. त्यांच्या वडिलांचं बसस्टँडजवळ गॅरेज होतं आणि त्याच गल्लीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. मला म्हणाल्या, “माझे अब्बा मेकॅनिक आहेत. हॉर्न वाजत नाही म्हणून कुणी हॉर्नच कापून आणला, तर अब्बा त्याला गॅरेजातून हाकलतील. आधी वायर बघायची असते.” मग आपलं बोट डाव्या कानाच्या वर टेकवून म्हणाल्या, “हुकूम इथून निघतो. ओठ कधी मिटायचे, जीभ कुठं टेकवायची, आवाज कधी सोडायचा, सगळं इथं आखलं जातं. काय बोलायचं ते तुमच्या मुलीला नीट ठाऊक आहे. तो हुकूम तोंडापर्यंत पोचता पोचता विस्कटतो. म्हणून एकदा ‘पाणी’ येतं आणि पुन्हा येत नाही.”

तोवर मला एवढं सरळ कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, “हे बरं होतं का?” त्या म्हणाल्या, “ताप बरा होतो. हे शिकवावं लागतं.”

त्यांचा सगळा राग मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला असायचा. मुलांशी बोलताना त्यांच्या आवाजाला धारच नसायची. एखादं मूल तेच अक्षर पन्नासदा चुकलं तरी त्या एक्कावन्नाव्यांदा पहिल्यासारख्याच कुतूहलानं त्याच्या ओठांकडं बघायच्या. पण पालकांपैकी कुणी मोबाइल काढला, कुणी “म्हण की गं, म्हण ना” असं मध्येच टोकलं, की संपलं. गौरीच्या पप्पांना तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं. हे काळी-पिवळी जीप चालवतात, पाटोदा ते बीड. आम्ही त्यांच्याच जीपमधून यायचो. कौतुकानं ते आत येऊन बसले आणि गौरीच्या प्रत्येक आवाजाला टाळ्या वाजवायला लागले. मॅडम म्हणाल्या, “दादा, तुम्ही घाटात गाडी चालवताना कुणी शेजारी बसून टाळ्या वाजवल्या तर चालेल का?” ते मुकाट बाहेर जाऊन जीपमध्ये बसले. पुढं कायम तिथंच बसायचे.

शिकवण्याची त्यांची रीत बघणाऱ्याला वेड लावणारी होती. ‘पा’. फक्त ‘पा’. गौरीच्या ओठांवर बोट टेकवायचं, सोडायचं, ‘पा’. वाटी उलटी केली की ‘पा’, सुलटी केली की ‘मा’. पाठ झालंय असं वाटलं की लगेच क्रम बदलायचा. मी एकदा म्हटलं, “मॅडम, आता जमलंय तर तेच पक्कं करून घ्या ना.” तर म्हणाल्या, “रट्टा मारून नको आहे मला. दरवेळी डोक्याला नव्यानं जुळवाजुळव करावी लागली पाहिजे. तेव्हा कुठं आत काहीतरी बदलतं. सोपं झालं की मेंदू झोपतो.” मला वाटायचं, बदललेलं दिसत तर काही नाही. उन्हाळा सरला, पोळा गेला, आणि आमच्याकडं ‘पापा’, ‘मामा’, ‘बाबा’ आणि कधीतरी ‘पाय’ एवढंच होतं. परतीच्या जीपमध्ये मी खिडकीकडं तोंड करून बसायचे. शेजारच्या बायका विचारायच्या, “बोलाया लागली का पोरगी?” आणि मी काहीतरी पुटपुटायचे.

तशात त्या खोलीची तऱ्हा. पलीकडं कोचिंग क्लास होता. मास्तर माइक लावून शिकवायचे आणि शंभरेक पोरं एका सुरात सूत्रं म्हणायची. ज्या मुलीला ‘प’ आणि ‘ब’ यांतला फरक पकडायचा आहे तिच्या कानावर भिंतीतून ते आदळायचं. मॅडम भिंतीवर मुठी मारायच्या. दोनदा पलीकडं जाऊन भांडून आल्या. संस्थेच्या अध्यक्षसाहेबांना खोली बदलून मागितली. त्यांनी बदलली. नवी खोली म्हणजे कुबड्या आणि व्हीलचेअर ठेवायची अडगळ होती. तिथं आवाज कमी यायचा, पण उजेडही यायचा नाही, आणि मुलाला समोरच्याचे ओठ दिसले नाहीत तर सगळा खेळ खल्लास. मॅडम परत पहिल्या खोलीत आल्या.

त्याहून वाईट म्हणजे शिबिरं. संस्थेत त्या एकट्याच शिकलेल्या. गावोगावी तपासणीचं शिबिर लागलं की अध्यक्षसाहेब त्यांना गाडीत घालून न्यायचे. तिथं दिवसभर मुलं तपासायची, शेरा लिहायचा, फोटो काढायचे. तपासलेल्या मुलांना पुढं शिकवायचं कुणी, याचं नाव नाही. इकडं आम्ही पाटोद्याहून जाऊन कुलूप बघून परत यायचो. सलग दोन आठवडे असं झालं की गौरीचं ‘पाय’ पुन्हा ‘आय’ व्हायचं. मॅडमना ते पहिल्याच मिनिटाला कळायचं. त्या डोळे मिटून घ्यायच्या. म्हणायच्या, “मळलेली वाट असेल तर महिनाभर कुणी गेलं नाही तरी दिसते. ही तर आत्ता कुठं पडायला लागलीय. हिच्यावर दोन दिवस कुणी चाललं नाही की गवत.”

सासूबाईंचं मात्र ठाम मत होतं की पोरगी मुद्दाम करते. “येतंय तिला. त्या दिवशी दुकानात पाणी म्हणली का न्हाई? लाड शिरल्यात अंगात.” त्याच उन्हाळ्यातल्या एका दुपारी मी दुकानातून घरी आले तर सासूबाई पाण्याचा पेला उंच धरून उभ्या. “पाणी म्हन, मंग देते.” गौरीचे ओठ हलत होते. ‘माई’ आलं, ‘आई’ आलं, ‘बाई’ आलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले. शेवटी तिनं आजीच्या हाताला कडाडून चावा घेतला आणि पेला खाली पडला.

मी हे मॅडमना सांगितलं. त्यांच्या हातातली वाटी तशीच राहिली. त्या रविवारी सकाळी बसनं त्या पाटोद्याला आमच्या दारात हजर झाल्या. मी मनातून हादरले. आता सासूबाईंना काय काय ऐकावं लागतंय!

सासूबाई भाकरी करत होत्या. मॅडम त्यांच्याजवळ खाली बसल्या. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या.

“आजी, भाकरी लई सुरेख थापता.”

“जलमभर तेच केलंय, बाई.”

“आता एक डाव्या हातानं थापून दाखवा. नुसता डावा.”

सासूबाई हसल्या. मग खरंच डाव्या हातानं थापायला लागल्या. भाकरी एका अंगाला सरकली, कडेला फाटली, मधून जाड राहिली. गौरी जवळ येऊन बघत होती, तिला मजा वाटत होती.

“हात दुखतोय का, आजी?”

“न्हाई की.”

“मग भाकरी कशी करतात ते विसरलात?”

“इसरंन कशी?”

“मग मुद्दाम बिघडवली.”

“मुद्दाम कावून बिघडवीन, बाई? ह्या हाताला वळणच न्हाई.”

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “आणि ही गोल होईस्तोवर तुम्हाला पाणी मिळणार नाही, असं मी पेला धरून उभी राहिले तर?”

सासूबाईंचा पिठानं माखलेला डावा हात परातीत तसाच राहिला. त्यांनी गौरीकडं पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मग उजव्या हातानं माठातून पेला भरला आणि काहीही म्हणायला न लावता तिच्यापुढं धरला. गौरीनं आधी आजीच्या तोंडाकडं, मग पेल्याकडं पाहिलं आणि घटाघटा प्यायली.

“आन् रोज थापली तर लागंल का वळण?” सासूबाईंनी हळूच विचारलं.

“लागेल. पण हाताला नाही, इथं लागेल,” मॅडमनी पुन्हा ते कानावरचं बोट टेकवलं. “रोज थापावी लागेल, आणि कुणी डोक्यावर उभं राहून ओरडायचं नाही.”

जेवून जा म्हटलं तर त्या थांबल्या नाहीत. ती वेडीवाकडी भाकरी मात्र मागून घेतली आणि चटणीबरोबर बसमध्ये खाल्ली म्हणे.

पुढच्या वर्षी एक वेगळंच काम निघालं. मॅडम जिथं शिकल्या होत्या तिथल्या त्यांच्या एका सरांनी अभ्यास हाती घेतला होता. गौरीसारख्या मुलांना बोलायला शिकवलं तर मेंदूत नेमकं काय बदलतं, ते मोठ्या यंत्रात बघायचं. सलग शिकवण्याआधी एकदा आणि तसं शिकवून झाल्यावर एकदा. मॅडमनी आम्हाला विचारलं. सुई नाही, कापाकापी नाही, नुसतं पडून राहायचं, हे चारचारदा समजावलं. “नको वाटलं तर नाही म्हणा. मी गौरीला तशीच शिकवीन, जशी आता शिकवते,” हेही सांगितलं. गौरीचे पप्पा लगेच तयार झाले. त्यांना वाटलं, यंत्रात घातल्यावर काहीतरी दुरुस्तही होत असणार.

पाच वर्षांच्या पोरीनं बोगद्यात न हलता पडून राहायचं आणि समोर दिसेल त्या चित्राचं नाव घ्यायचं. मॅडमनी त्याची तालीम घेतली. दोन बाकडी जोडून वर सतरंजी टाकली, मोबाइलवर यंत्राची ठकठक लावली आणि गौरीच्या कपाळावर बाटलीचं झाकण ठेवलं. झाकण पडलं की हरलीस. सुरुवातीला ते दर मिनिटाला पडायचं. मग मॅडम स्वतः आत झोपायच्या आणि मुद्दाम झाकण पाडून हरायच्या. गौरी खिदळायची. एवढ्या मोठ्यानं हसणारी मुलगी बोलत कशी नाही, असं त्या खोलीबाहेर बसलेल्या बायांना वाटत असेल.

पुण्याला त्या यंत्रात ती नीट पडून राहिली. त्यानंतरचे महिने मॅडमनी शिबिरांना साफ नकार दिला. अभ्यासाची अटच होती, म्हणून अध्यक्षसाहेबांना गप्प बसावं लागलं. आठवड्यातले बहुतेक दिवस आम्ही बीडला. आणि मग जे इतके दिवस होत नव्हतं ते व्हायला लागलं. ‘पाय’ टिकलं. ‘पान’ आलं. एका सकाळी जीपमध्ये गौरी ड्रायव्हरच्या सीटमागून म्हणाली, “पप्पा, बीन आलं.” बीड नव्हे, बीन. पण आलं. यांनी जीप कडेला घेतली. भरलेल्या जीपमधली माणसं ओरडायला लागली, “कावून थांबला बे?” हे स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले होते.

दुसऱ्यांदा यंत्रात घातल्यावर सरांच्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरनं दोन चित्रं आमच्यासमोर ठेवली. पहिल्यात लाल-पिवळे डाग दोन्ही बाजूंना पसरलेले, वर, मागं, सगळीकडं. दुसऱ्यात थोडेच, आणि तेही बहुतेक डावीकडं. गौरीच्या पप्पांचं तोंड उतरलं. “म्हणजे कमी झालं?”

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. तसं हसू मी पुन्हा पाहिलं नाही.

“दादा, शिकाऊ ड्रायव्हर कसा चालवतो? दात आवळून, खांदे वर करून, सगळं अंग ताठ. गाडी मात्र धक्के खाते. आणि तुम्ही? एका हातानं. ही ‘पान’ म्हणायला आधी अख्खं डोकं जुंपत होती, आणि तरी जमत नव्हतं. आता जेवढं लागतं तेवढंच वापरते. जिथून निघायला पाहिजे तिथून निघतंय.”

हे त्यांना पटकन समजलं. तो डॉक्टर प्रामाणिक होता. तो म्हणाला, एका मुलीच्या चित्रावरून ठाम काही सांगता येत नाही. मधल्या काळात तिचं वयही वाढलंय, सगळ्या मुलांचं एकत्र बघावं लागेल. मॅडमनी मान हलवली. “बरोबर आहे. मलाही ठाम सांगायचं नाही.” पण परतीच्या वाटेवर त्या ते चित्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, “इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय आत काहीतरी होतंय म्हणून. ताई, मला पण कधी दिसलं नव्हतं हो.”

ते चित्र मात्र आमच्या सगळ्यांच्या मुळावर आलं. अध्यक्षसाहेबांनी ते मागून घेतलं आणि आठवड्याभरात संस्थेच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर गौरीच्या मेंदूची दोन चित्रं, मध्ये गौरीचा हसरा फोटो, बाजूला अध्यक्षसाहेब हात जोडून. वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, ‘मेंदूचा फोटो काढून मुलांना बोलते करणारे केंद्र’. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनाही नाही.

लोक लोटले. गेवराईकडून, पाटोद्याकडून, कुठून कुठून. सगळ्यांना फोटो हवा होता. उमापूरकडचे एक म्हातारे आजोबा मला अजून दिसतात. मेंढरं राखणारे, खांद्यावर घोंगडं, हाताशी अडखळत बोलणारा नातू. मी तेव्हा गौरीला घेऊन बाकावर बसले होते.

“फोटू काढा, बाई. लई लांबून आलोत.”

“फोटोनं काही होत नाही, बाबा. याला माझ्याकडं बसवा. अडखळणं कमी करता येतं, मी शिकवते.”

“त्या पोरीचा काढला न्हवं? मंग आमचाच कावून न्हाई?”

मॅडमनी समजावलं. खाली बसून, पोराचा हात धरून समजावलं. आजोबांच्या चेहऱ्यावर एकच होतं, की आपण गरीब म्हणून ही बाई टाळतेय. शेवटी ते उठले. “राहू द्या. मोठ्याचंच समदं असतंय,” म्हणाले आणि पोराला ओढत फाटकाबाहेर गेले. पोरगा वळून वळून मॅडमकडं बघत होता. मॅडम त्यांच्यामागं रस्त्यापर्यंत पळत गेल्या, पण ते रिक्षात बसले होते.

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आत जाऊन कात्री आणली, रखवालदाराचं स्टूल ओढलं, वर चढल्या आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. तो खाली धाडकन पडला. गर्दी जमली. अध्यक्षसाहेब बाहेर आले.

“मॅडम, हे काय चाललंय? आपल्या केंद्राचं नाव होतंय.”

“नाव झालं. आता माणूस द्या. इथं शिकवायला दुसरं कुणी नाही. मी एकटी किती मुलांना पुरणार?”

“मोठा पडदा येतोय, मुलांना खेळवत शिकवणारं यंत्र येतंय. देणगीदार तयार आहेत.”

“यंत्र पोराच्या ओठाला बोट लावणार आहे का?”

त्या स्टुलावरच उभ्या होत्या. आवाज चिरका झाला होता. अध्यक्षसाहेबांनी फक्त रखवालदाराला फ्लेक्स उचलायला सांगितलं आणि आत निघून गेले. वर्ष संपल्यावर मॅडमचा करार पुढं वाढवला नाही. कारण काय, ते कुणी सांगितलं नाही. पडदा आला. तो अजून त्या खोलीत आहे म्हणतात, वर कापड घातलेला.

आम्ही पालक मिळून अध्यक्षसाहेबांना भेटायला गेलो. चहा मिळाला. ‘बघतो’ म्हणाले. दुसऱ्यांदा गेलो तर ते नव्हते. हैदराबादच्या एका दवाखान्यात मॅडमना काम मिळालं. शेवटच्या दिवशी निरोपाचं काही बोलणं झालंच नाही. सगळा वेळ त्या मलाच झापत होत्या. ‘क’ काढताना घशाजवळ हात कसा धरायचा, तेच पुन्हा पुन्हा. “असा नाही ताई, असा. कावून घाबरता? मोडणार नाही ती.” गौरीनं नेहमीसारखं वाट्या गोळा करून पिशवीत भरल्या आणि विचारलं, “मॅडम, उद्या?”

प्रत्येकाला ताडकन उत्तर देणाऱ्या मॅडम तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “उद्या नाही, बाळा.”

त्यानंतर ‘क’ गेला. नुकताच आलेला होता, तोच पहिला गेला. मग ‘ग’. मी दुकानात गल्ल्यामागं स्टूल टाकून तिला बसवायला लागले. अस्तराचं कापड फाडता फाडता ‘का’, ‘की’, ‘कू’. गिऱ्हाइकं हसायची. मला जमायचं नाही तेव्हा मी चिडायचे, गौरी चिडायची, आणि दोघी तोंड फिरवून बसायचो. सासूबाई येऊन मध्ये बसायच्या. म्हणायच्या, “वरडू नगंस. वळण लागायला येळ लागतोय.” काही अक्षरं परत आली. काही अजून आलेली नाहीत. बीडमध्ये ती जागा भरली का, म्हणून मी मध्ये मध्ये चौकशी करते. नाही भरली.

आता गौरी दुसरीत आहे. या हिवाळ्यात शाळेच्या गॅदरिंगसाठी तिला झाड केलं होतं. हिरवा कागद लावून मागं उभं राहायचं. बाईंनी ते प्रेमानंच केलं होतं. पोरीची फजिती नको म्हणून. मी शाळेत तिला घ्यायला गेले तेव्हा ती बाईंसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मला धाड नको. मला बोलायतंय.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “काय म्हणतेय हो ती?”

उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं. “तिलाच विचारा,” म्हटलं.

गौरी पुन्हा म्हणाली. सावकाश, ओठांकडं लक्ष देऊन, कपाळाला आठी घालून. बाई खाली वाकल्या. तिसऱ्या वेळेला त्यांना समजलं. एक वाक्य मिळालं तिला, शेवटच्या ओळीतल्या शेतकरणीचं. गॅदरिंगला तिनं ते म्हटलं. पुढं बसलेल्यांना कळलं, मागच्यांना नाही. माझ्यामागची एक बाई शेजारणीला म्हणाली, “काय बोलली गं ती?”

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी हैदराबादला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं मॅडम खूश होतील. त्या म्हणाल्या, “मागच्यांना कावून नाही कळलं? काय गेलं? ‘झ’ गेला की वाक्याचा शेवट गिळला?”

“शेवट गिळला, मॅडम. दम पुरला नाही.”

“ते शिकवायचंच राहिलं ना. मी आणखी वर्षभर तरी हवी होते तिथं.” त्यांचा आवाज चिडका होता, आणि तो माझ्यावर चिडलेला नव्हता. “द्या तिला फोन.”

गौरीनं फोन हातात धरून वाक्य म्हटलं. पलीकडून खरखर झाली. पुन्हा म्हटलं. मॅडम ओरडल्या, “ताई, तिचा आवाज तुटतोय की तुमचं नेटवर्क तुटतंय, हेच मला इकडं कळंना! कसं शिकवू मी असं?”

घरात रेंज येत नाही, गच्चीवर जरा बरी येते. मी गौरीला घेऊन जिना चढले. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पलीकडं, पाण्याच्या टाकीला टेकून ती उभी राहिली आणि फोन तोंडाजवळ धरला.

“दम घे,” मॅडमचा आवाज आला, आता स्पष्ट. “हां. पुन्हा म्हण.”